कंठग्रंथीचा कर्करोग आणि पेशीचें अमरत्व

आरशापुढें उभें राहून मंगळसूत्र सारखें करीत असतां एखाद्या गृहिणीच्या बोटाला घांटीच्या खालीं हरभऱ्याएवढी गांठ लागते, आणि त्या क्षणापासून त्या घराचें स्वास्थ्य नाहींसें होतें. डॉक्टर गळ्यावरून हात फिरवितात, ध्वनिलहरींच्या यंत्रानें गांठीचें चित्र काढतात, बारीक सुईनें तिच्यांतील थोड्याशा पेशी ओढून कांचेवर पसरतात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. अशा शंभर गांठींपैकीं नव्वदांहून अधिक निरुपद्रवी ठरतात. परंतु ज्या घरीं उत्तर तसें येत नाहीं, तेथें 'कर्करोग' हा एकच शब्द सर्वांच्या कानांत घुमत राहतो व पुढचें कांहीं कोणाला ऐकूं येत नाहीं. वास्तविक पुढचें ऐकण्याची जितकी आवश्यकता या रोगांत आहे, तितकी दुसऱ्या एखाद्या रोगांत क्वचितच असेल.

गळ्याच्या पुढील भागांत, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची ही थायरॉइड अथवा कंठग्रंथि बसलेली असते. अन्नांतील आयोडीन वेंचून घेऊन शरीराच्या शेगडीचा जाळ कमीअधिक करणारें द्रव्य तयार करणें हें तिचें काम. हें काम करणाऱ्या पेशींपासून जे कर्करोग उत्पन्न होतात, त्यांत आपसांत इतकें अंतर आहे कीं ते एकाच कुळांतले आहेत यावर विश्वास बसूं नये. त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा प्रकार पॅपिलरी या नांवाचा. आणि तो बहुधा सौम्य. फिनलंडमध्यें शवविच्छेदनाच्या वेळीं १०१ व्यक्तींच्या कंठग्रंथी बारकाईनें तपासण्यांत आल्या, तेव्हां ३६ जणांच्या ग्रंथींत या जातीचा बारीकसा कर्करोग लपलेला सांपडला. १९८५ सालीं ही तपासणी प्रसिद्ध झाली. पुढें दक्षिण कोरियांत आरोग्यतपासणीबरोबर गळ्याचेंही ध्वनिचित्र काढून घेण्याची प्रथा पडली, तेव्हां १९९३ पासून २०११ पर्यंत या रोगाचें निदान पंधरा पट वाढलें. मृत्यूंचें प्रमाण मात्र होतें तेथेंच राहिलें. इतक्या गळ्यांवर शस्त्र चाललें आणि त्यामुळें वांचलें कोण, हें दाखवितां येऊं नये, ही गोष्ट वैद्यकशास्त्रास भूषणावह नव्हे.

उलट बाजूस याच ग्रंथींत ॲनाप्लास्टिक नांवाचा एक कर्करोग होतो. तो विरळा आहे, पण त्याची गति अशी, कीं गांठ दिसूं लागल्यापासून कांहीं आठवड्यांत श्वासनलिकेवर दाब येतो, आणि पूर्वीच्या उपचारांनीं निम्मे रोगी सहा महिन्यांच्या आंतबाहेर दगावत. या दोन टोंकांच्या मध्यें आणखी एक प्रकार आहे, तो 'पुअरली डिफरन्शिएटेड', म्हणजे ज्याच्या पेशींनीं आपलें मूळचें रूप बरेंचसें टाकून दिलें आहे असा. कित्येक वेळां एकाच गांठीच्या एका कोपऱ्यांत शांत पॅपिलरी व दुसऱ्या कोपऱ्यांत उन्मत्त ॲनाप्लास्टिक अशीं दोन्हीं रूपें शेजारीं शेजारीं दिसतात. म्हणजे पहिल्याचेंच दुसरें होत असलें पाहिजे. मग हा गरीब शेजारी कोणत्या क्षणीं दरोडेखोर होतो? या प्रश्नाचें पूर्ण उत्तर अजून मिळालेलें नाहीं. पण त्याचा एक मोठा भाग २०१३ सालीं हातीं लागला, व तो समजण्यासाठीं पेशीच्या आयुर्मर्यादेपासून आरंभ केला पाहिजे.

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत अलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ सालीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक कण कांचेच्या भांड्यांत जिवंत ठेवण्यास प्रारंभ केला. ती पैदास १९४६ पर्यंत चालू होती. कोंबडीच्या आयुष्याच्या कितीतरी पट अधिक काळ तिच्या पेशी जगल्या, त्या अर्थीं पेशी मुळांत अमरच आहे व मरतें तें केवळ शरीर, असा सिद्धांत रूढ झाला आणि तो एक पिढीभर कोणी तपासून पाहिला नाहीं. १९६१ सालीं फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेंतील लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं मानवी पेशींवर तोच प्रयोग केला. पेशी दुभंगत, वाढत, पुन्हां दुभंगत. परंतु सुमारें पन्नास वेळां असें झाल्यावर त्या थांबत. पोषण उत्तम होतें, भांडें स्वच्छ होतें, तरीही थांबत. कॅरेल यांच्या भांड्यांत पोषणासाठीं घातल्या जाणाऱ्या गर्भरसांतून नव्या पेशी नकळत शिरत असाव्यात, असें त्यानंतर मानलें जाऊं लागलें. थोडक्यांत, पेशी मोजते. कशाच्या आधारें मोजते, हें मात्र हेफ्लिक यांना सांगतां येईना.

तें प्रथम सुचलें मॉस्को येथील अलेक्सेय ओलोव्हनिकोव्ह यांना. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत गाडीची वाट पाहत असतां त्यांच्या मनांत आलें, कीं गुणसूत्रांतील लांबलचक धाग्याची नक्कल करणारें पेशींतलें यंत्र हें रुळांवरून धांवणाऱ्या गाडीसारखें आहे. आणि गाडीखालीं रुळांचा जेवढा भाग झांकला जातो तेवढ्याची नक्कल राहून जाणार. म्हणजे प्रत्येक नकलेगणिक धागा टोंकाशीं थोडा आंखूड होणार. १९७१ सालीं त्यांनीं हा विचार प्रसिद्ध केला. प्रयोग असा त्यांच्यापाशीं एकही नव्हता.

जुन्या पोथ्यांना आरंभीं व शेवटीं कोरीं पानें ठेवीत, त्याचा उपयोग येथें ध्यानांत येईल. हाताळून कडा झिजल्या तर त्या कोऱ्या पानांच्या झिजाव्यात, मजकूर सुरक्षित राहावा. मानवी पेशींत ४६ गुणसूत्रें, म्हणजे ९२ टोंकें; आणि प्रत्येक टोंकावर टी-टी-ए-जी-जी-जी अशीं सहा अक्षरें हजारों वेळां पुनःपुन्हां लिहिलेलीं असतात. त्यांत कोणताही संदेश नसतो. हींच तीं कोरीं पानें. हर्मन मुल्लर यांनीं अशा टोंकांना १९३८ सालींच टेलोमिअर हें नांव दिलें होतें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ शेवटचा भाग. पेशी एकदां दुभंगली कीं यांतील सुमारें पन्नास ते दोनशें अक्षरें कमी होतात. कोरीं पानें संपत आलीं, म्हणजे मजकुरालाच धोका आहे असें ओळखून पेशी आपण होऊन दुभंगणें थांबविते. कर्करोगाविरुद्ध शरीराची ही एक फार जुनी तटबंदी होय. एखादी पेशी बहकली तरी पन्नास-साठ विभाजनांनंतर तिचा शिधा संपावा, अशी ही योजना आहे.

पण मग वंश चालतो कसा? प्रत्येक पिढीला आंखूड होत गेलेलीं गुणसूत्रें वारशानें मिळालीं असतीं, तर मनुष्यजाति केव्हांच लोप पावली असती. याचें उत्तर एका क्षुद्र जीवांत सांपडलें. डबक्यांत राहणाऱ्या टेट्राहिमेना नांवाच्या एकपेशीय प्राण्याच्या टोंकांवरील अक्षरांचा क्रम एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनीं जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत असतां शोधून काढला व १९७८ सालीं तो प्रसिद्ध झाला. पुढें बर्कले येथें त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिला १९८४ च्या नाताळच्या दिवशीं, सुटी असूनही प्रयोगशाळेंत येऊन पाहिलेल्या फिल्मवर, टोंकांना नवीं अक्षरें जोडलीं जात असल्याच्या रेषा स्पष्ट दिसल्या. जोडणारें द्रव्य म्हणजे टेलोमरेज हें एन्झाइम. त्याच्या पोटांत आरएनएचा एक तुकडा असतो. तो नमुना समोर ठेवून तें झिजलेलें टोंक पुन्हां लिहून काढतें. या शोधाबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर व जॅक शोस्टाक या तिघांना २००९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

गर्भावस्थेंत हें एन्झाइम जागृत असतें. जन्मानंतर वंशबीज तयार करणाऱ्या पेशींत तें राहतें, रक्त उत्पन्न करणाऱ्या मूळ पेशींत थोडेंसें राहतें. इतर बहुतेक सर्व ठिकाणीं तें जनुक मिटून ठेवलेलें असतें. आणि कर्करोगांत? हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखावरील कर्करोगांतून १९५१ सालीं बाल्टिमोर येथें घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत; त्या स्वतः त्याच वर्षीं निवर्तल्या. त्या पेशींत १९८९ सालीं टेलोमरेज सांपडलें. १९९४ सालीं बारा प्रकारच्या १०१ गांठी तपासल्या गेल्या. त्यांपैकीं ९० गांठींत तें होतें, आणि निरोगी शरीरभागांच्या ५० नमुन्यांपैकीं एकांतही नव्हतें. समुद्रमंथनाच्या कथेंतला राहु देवांच्या पंक्तींत बसून अमृत प्याला. तें कंठापर्यंत पोहोंचतें न पोहोंचतें तोंच विष्णूचें चक्र सुटलें, धड पडलें, पण अमृत लागलेलें शिर अमर होऊन बसलें. कर्कपेशीचें चौर्य याच जातीचें आहे. वंशाच्या सातत्यासाठीं राखून ठेवलेलें अमृत ती स्वतःसाठीं पळविते.

हें कुलूप चोर कसें उघडतो, तें पुष्कळ दिवस कळत नव्हतें. टेलोमरेजच्या मुख्य घटकाचें जनुक पांचव्या गुणसूत्रावर आहे. त्याचा मजकूर अनेक कर्करोगांत तपासला गेला, तो शुद्धच निघाला. २०१३ च्या आरंभीं दोन संशोधक-गटांनीं मजकूर सोडून त्याच्या आधींचा समास पाहिला, म्हणजे जनुक केव्हां वाचावें व केव्हां वाचूं नये हें जेथें ठरतें तो भाग. त्यांचा विषय त्वचेचा मेलॅनोमा हा कर्करोग होता. जनुकाच्या आरंभापासून १२४ अक्षरें अलीकडे, किंवा १४६ अक्षरें अलीकडे, एक 'सी' जाऊन त्या जागीं 'टी' आलेला त्यांना पुष्कळ गांठींत आढळला. तीन अब्ज अक्षरांच्या ग्रंथांत एका अक्षराचा फरक! गंमत अशी, कीं यांपैकीं कोणत्याही ठिकाणीं बदल झाला तरी त्यापासून अकरा अक्षरांचा एकच नवा शब्द तयार होतो, आणि त्या शब्दावर जनुक चालू करणारीं विशिष्ट प्रथिनें येऊन बसतात. मिटलेलें पान त्यामुळें उघडतें.

त्याच वर्षीं अनेक प्रयोगशाळांनीं कंठग्रंथीच्या गांठी याच दृष्टीनें तपासल्या, व तेथें जो क्रम दिसला तो विलक्षण सुसंगत होता. निरुपद्रवी गांठींत हा बदल जवळजवळ नाहींच. पॅपिलरी कर्करोगाच्या एका मोठ्या अमेरिकन संग्रहांत, २०१४ च्या अहवालाप्रमाणें, शेंकडा सुमारें ९ गांठींत. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासांत, २०१६ सालीं, मधल्या प्रतीच्या कर्करोगांत शेंकडा ४० आणि ॲनाप्लास्टिकमध्यें शेंकडा ७३. याहूनही बोलकी गोष्ट अशी, कीं सौम्य गांठींत जेथें हा बदल होता तेथें तो थोड्याच पेशींपुरता होता, आणि उग्र गांठींत तो बहुतेक सर्व पेशींत पसरलेला होता. म्हणजे हा बदल रोगाच्या आरंभीं घडत नाहीं. गांठ आधींच असते. तिच्यांतील एखाद्या पेशीला मागाहून अमृताचा घडा सांपडतो, आणि तिची संतति बाकीच्यांना मागें सारून सारी जागा व्यापते.

कंठग्रंथीच्या बहुसंख्य कर्करोगांना या घड्याची गरज कां भासत नसावी, याचाही अंदाज करतां येतो. प्रौढ माणसाच्या कंठग्रंथींतील पेशी संबंध आयुष्यांत सुमारें पांच वेळांच दुभंगते. तिचीं कोरीं पानें जवळजवळ अखंड असतात. अशा पेशीपासून निघालेली मंदगति गांठ वर्षानुवर्षें वाढली तरी मूळच्या शिध्यावर तिचें भागतें. मुलांच्या कंठग्रंथीचा कर्करोग गळ्यांतील अवधाणांत लवकर पसरतो, पण त्यांत हा बदल फार विरळ, आणि मुलें बहुधा बरीं होतात. उतारवयांतील रोग्यांत हा बदल अधिक आढळतो. रोगाची पायरी ठरवितांना रोग्याचें वय हिशेबांत धरण्याचा प्रघात या कर्करोगांत पूर्वीपासून आहे, आणि हल्लीं ती सीमा ५५ वर्षांची मानतात. अनुभवी शस्त्रवैद्यांनीं नुसत्या निरीक्षणानें जें ताडलें होतें, त्याच्या मुळाशीं असलेल्या कारणांपैकीं हें एक असावें.

या अक्षराचा खरा दुष्टपणा जोडीनें प्रकट होतो. पॅपिलरी कर्करोगांत बीआरएएफ नांवाच्या दुसऱ्या एका जनुकांतही बहुधा बदल असतो. पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम तें अखंड देत राहतें. वरील अमेरिकन संग्रहांत असा बदल शेंकडा ६० गांठींत होता, म्हणून एकट्या त्याच्यावरून भविष्य वर्तविणें व्यर्थ आहे. बाल्टिमोर येथील मिंगझाओ शिंग व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं ५०७ रोग्यांचा वृत्तांत दिला. दोन्हीं बदल नसलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ९ जणांचा रोग उलटला. दोन्हीं असलेल्या ३५ जणांपैकीं २४ जणांचा. १०५१ रोग्यांच्या २०१७ मधील हिशेबांत मृत्यूंचें प्रमाण असें निघालें: एक हजार रोगी एक वर्षभर पाहिले तर दोन्हीं बदल नसलेल्यांत एकही मृत्यु पुरता भरत नाहीं, नुसत्या बीआरएएफनें सुमारें तीन, नुसत्या टेलोमरेजच्या बदलानें सुमारें साडेसहा, आणि दोहोंनीं मिळून तीस. तीन व साडेसहा यांची बेरीज तीस होत नाहीं. तेव्हां हीं दोन जनुकें एकमेकांस हात देत असलीं पाहिजेत. तसा पुरावाही पुढें मिळाला. बीआरएएफच्या हुकुमानें पेशींत ज्या प्रथिनाची भर पडते, तेंच प्रथिन टेलोमरेजच्या समासांतील त्या नव्या शब्दावर जाऊन बसतें. एकानें दारूगोळा पुरवावा व दुसऱ्यानें तोफ डागावी, असा हा संगनमताचा व्यवहार आहे.

याच आंकड्यांची दुसरी बाजूही घरांतील माणसांनीं पाहिली पाहिजे. सर्वांत वाईट गटांतही वर्षाला हजारांत तीस मृत्यु, म्हणजे ९७० जण त्या वर्षीं जिवंत राहिले. अहवालांत हें अक्षर आढळलें म्हणजे मृत्युपत्र करावयास बसावें असा त्याचा अर्थ नाहीं. आणि तें आढळलें नाहीं म्हणजे रोग्यानें डॉक्टरांकडे पाठ फिरवावी असाही नाहीं, कारण अक्षर न बदलतां इतर वाटांनीं टेलोमरेज जागें झालेलें कांहीं गांठींत दिसून आलें आहे.

मग या ज्ञानाचा उपयोग कोठें? शस्त्र किती चालवावें, हें ठरवितांना. जपानांतील कोबे शहरीं कुमा रुग्णालयानें १९९३ पासून एक धाडसी प्रयोग चालविला. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कोठेंही न पसरलेल्या पॅपिलरी गांठी कापावयाच्या नाहींत, वेळोवेळीं मोजावयाच्या. २०१४ सालीं १,२३५ रोग्यांचा हिशेब बाहेर आला. दहा वर्षांत शेंकडा सुमारें ८ जणांचीच गांठ तीन मिलिमीटर अथवा अधिक वाढलेली होती, व या रोगानें एकही मनुष्य दगावला नव्हता. ज्यांचें शस्त्रकर्म मागाहून करावें लागलें, त्यांचेंही कांहीं बिघडलें नाहीं. संपूर्ण ग्रंथि काढली तर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते, ग्रंथीमागील स्वरनाडीला इजा होऊन आवाज जाण्याचा धोका असतो, आणि शेजारच्या चिमुकल्या ग्रंथी दुखावल्यास रक्तांतील कॅल्शियम घसरून हातापायांत वांब येतात. शिकवणीवर चरितार्थ चालविणाऱ्या बाईला अथवा गवयाला आवाजाचें मोल काय असतें, हें सांगावयास नको. तेव्हां हें सारें कोणाच्या बाबतींत टाळतां येईल, व कोणाच्या बाबतींत टाळणें म्हणजे आत्मघात, याचा निवाडा करतांना त्या एका अक्षराची साक्ष काढतां येते. ती एकटी निर्णायक नव्हे. गांठीचा आकार, तिचा पसार, सूक्ष्मदर्शकाखालचें रूप आणि रोग्याचें वय यांच्या जोडीनें ती ऐकावयाची असते.

किरणोत्सर्गी आयोडीनच्या उपचारासही हेंच लागू आहे. कंठग्रंथीची पेशी आयोडीन ओढून घेते, त्या लोभाचा फायदा घेऊन तिला विषारी घास भरविण्याची ही युक्ति १९४० च्या दशकांत अमेरिकेंत निघाली. मुंबईस परळ येथें भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधून असे उपचार पुष्कळ वर्षें होत आलेले आहेत. पण ज्या पेशींनीं मूळचें रूप टाकलें त्या आयोडीनही घेईनाशा होतात, आणि वरील दोन्हीं बदल एकत्र असलेल्या गांठींत असें अधिक वेळां घडतें. अशा रोग्याला पुनःपुन्हां तोच डोस देत राहण्यापेक्षां दुसरा मार्ग वेळींच शोधणें बरें.

दुसरे मार्ग थोडे उघडले आहेत. बीआरएएफचा बदल असलेल्या ॲनाप्लास्टिक कर्करोगासाठीं डॅब्राफेनिब व ट्रामेटिनिब या गोळ्यांच्या जोडीला अमेरिकेंत २०१८ सालीं मान्यता मिळाली, आणि जेथें महिने मोजीत तेथें कांहीं रोगी आतां वर्षें मोजूं लागले आहेत. खुद्द टेलोमरेजवर घाव घालणारें औषध तयार करणें मात्र अवघड ठरलें. घड्यांतील अमृत आज बंद केलें तरी पेशीच्या पदरीं शिल्लक असलेलीं कोरीं पानें संपेपर्यंत ती दुभंगतच राहणार, आणि उग्र कर्करोगाचा रोगी तितके दिवस थांबूं शकत नाहीं; शिवाय रक्त तयार करणाऱ्या निरपराध पेशीही त्याच एन्झाइमवर थोड्याफार विसंबून असतात. इमेटेलस्टॅट हें या जातीचें पहिलें औषध अमेरिकेंत जून २०२४ मध्यें मान्य झालें, तें अस्थिमज्जेच्या एका विकारांतील पंडुरोगासाठीं, ज्यांत रोग्याला वारंवार दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. कंठग्रंथीच्या कर्करोगासाठीं त्याला तशी मान्यता मिळालेली नाहीं.